शिष्य शिकला, गुरू उपाशी

चिनी कारागिरांत एक जुनी म्हण आहे : शिष्य शिकला की गुरू उपाशी मरतो. ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता ही उपासमारीची गोष्ट कुठून काढली, असे वाचक म्हणतील. पण मी पडलो मास्तर. शिकवल्याने कोणी उपाशी मरावे, ही गोष्ट माझ्या जिव्हारी लागते.

दक्षिण चीनमधील चाओझोऊ गावी १८८७ साली बांधलेले एक कुलमंदिर आहे. त्याच्या तुळयांवर सोन्याचा वर्ख दिलेले कोरीवकाम आहे. इथल्या कारागिरांचा आवडता विषय म्हणजे खेकडे-कोळंबीची टोपली. लाकडातून आरपार कोरलेली जाळी, जाळीवर चढणारे खेकडे आणि जाळीच्या आतही खेकडे! तिकडे चच्यांग प्रांतातल्या दोंगयांगची तऱ्हा निराळी : उथळ उठाव, रंगाचा सोस नाही, लाकडाची मूळ कांती तेवढी खुलवायची. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत ‘जुने ते मोडा’ म्हणून असल्या कितीतरी कामांवर घाव पडले. पुढे २००६ साली चीन सरकारने राष्ट्रीय वारशाची पहिली यादी केली, तीत या दोन्ही कला आल्या.

झाले, कला वाचली! असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, हजेरीपटावर नाव चढले म्हणजे मुलगा शिकला काय?

दुसरे म्हणतात, यंत्र आहे ना! आहे खरे. दोंगयांगलाही संगणकावर चालणारी यंत्रे भराभर नक्षी कोरतात. पण पेकिंगच्या राजवाड्यात छ्यनलुंग बादशहाने निवृत्तीसाठी बांधलेल्या महालाची डागडुजी निघाली, तेव्हा बांबूच्या आतल्या सालीवरचे काम जाणणारे हात दक्षिणेत जाऊन शोधावे लागले. ते सापडले म्हणून २००८ साली महाल पुन्हा उभा राहिला. यंत्र नक्कल करील. मोडलेल्या जागी काय होते, हे त्याला कोण सांगणार?

तिसरे म्हणतात, जुनी गुरू-शिष्य परंपरा जशीच्या तशी आणा. नको! वर्षानुवर्षे झाडलोट करवून घ्यायची आणि हातातली खुबी मात्र पोटाच्या भीतीने झाकून ठेवायची, त्या परंपरेतूनच ती म्हण जन्मली. चीनने २०११ च्या कायद्यात यावर चांगली मात्रा काढली. वारसदार म्हणून मान मिळालेल्या कारागिराने शिष्य तयार केलेच पाहिजेत. सबळ कारणाशिवाय टाळले तर मान काढून घेता येतो. आणि राष्ट्रीय वारसदाराला २०१६ पासून वर्षाला २०,००० युआन मिळू लागले. गुरूची भीती थोडी तरी हटली.

पण शिष्याचे काय? पटाशी हातात वळायला वर्षे लागतात. तोवर त्याच्या ताटात कोण वाढणार? माझे म्हणणे एवढेच : कला जगवायची असेल तर शिकणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यापासून पगार द्या. प्रदर्शने, पदके, मिरवणुका मागाहून.

हे मी दुरून बोलत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा खडूच्या तुकड्यातून गणपती कोरतो. त्याच्या वडिलांना मी म्हटले, “याला नक्षीकामाला घाला.” ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, तुमच्या मुलाला घालाल?”

मी गप्प बसलो. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शिकवणीला गेला होता.