वृत्त पाठ करू नका, मोजा!

मराठीच्या तासाला वृत्ते आणि अलंकार पुष्कळदा कसे शिकविले जातात? फळ्यावर प्रथम नाव येते, मग व्याख्या आणि शेवटी एक ठरावीक उदाहरण. विद्यार्थी तिन्ही पाठ करतात आणि परीक्षा संपताच तिन्ही विसरतात. विज्ञानात मात्र आपण म्हणतो, की आधी बेडूक पाहा, तो पाण्यात कसा राहतो आणि जमिनीवर कसा राहतो ते टिपा, मग 'उभयचर' हा शब्द शिका. कवितेनेच काय पाप केले आहे? माझे म्हणणे असे, की साहित्यातील परिभाषाही याच क्रमाने शिकवावी. आधी निरीक्षण, मग मोजणी आणि शेवटी नाव.

मोजायचे काय? अक्षर उच्चारण्यास लागणारा वेळ. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरु, त्याच्या दोन मात्रा. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढील जोडाक्षराचा आघात त्यावर येत असेल, तर तेही गुरु. कवितेत प्रत्येक अक्षर पूर्ण धरायचे. लघुला 'ल' आणि गुरूला 'गा' म्हणू. या प्रयोगाला कान आणि बोटे यांखेरीज कोणतेच साहित्य लागत नाही.

कल्याणहून बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसा आणि स्थानकांची नावे मोजा. 'अंबरनाथ' म्हणजे गा ल ल गा ल. 'बदलापूर' म्हणजे ल ल गा गा ल. दोन्हींत अक्षरे पाच आणि मात्रा सात. तरीही दोन्ही नावे मोठ्याने म्हटली, की चाल निराळी लागते, कारण लघु-गुरूंचा क्रम निराळा आहे. मात्रावृत्त आणि अक्षरगणवृत्त यांतील फरक नेमका हाच. पहिल्यात मात्रांची बेरीज पाहतात, दुसऱ्यात लघु-गुरूंचा क्रमही ठरलेला असतो. जो विद्यार्थी हा फरक दोन फलाटांवर शोधून काढील, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

आता 'उल्हासनगर' घ्या. 'उ' लघु की गुरु? पुढे जोडाक्षर आहे, म्हणून नियमाने गुरु म्हणावे, तर 'तुम्ही' या शब्दात 'तु'वर आघात येत नाही आणि तो लघुच राहतो. मग 'ल्हा'चा आघात 'उ'वर येतो का? हे पुस्तकात शोधू नका. वर्गातील दहा जणांना शब्द म्हणायला लावा आणि ऐका. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील एकाच वर्गात सिंधी, हिंदी, गुजराती आणि मराठी बोलणारी मुले असू शकतात. कोणी 'उल्' वर थांबेल, कोणी 'ल्हा' एकदम उच्चारील. पहिल्याच्या मात्रा आठ भरतील, दुसऱ्याच्या सात. दोघांनीही आपापला उच्चार बरोबरच मोजलेला असेल.

येथे मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत, तो मुलगा व्याख्या पाठ करण्याच्या शर्यतीत मागे पडतो आणि त्याच्यावर 'भाषेत कच्चा' असा शिक्का बसतो. मोजणीत मात्र तो कोणाच्याही मागे नसतो. उलट घरचा दोहा त्याला येत असेल, तर त्याच्या प्रत्येक ओळीत १३ आणि ११ मिळून २४ मात्रा असतात, हे तोच वर्गाला मोजून दाखवील.

मोजणी सुरू झाली, की गणित आपोआप येते. तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर दोनच प्रकारचे, म्हणून गण २ × २ × २ = ८. ते लक्षात ठेवण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी 'यमाताराजभानसलगं' हे दहा अक्षरांचे सूत्र केले. त्यातील लागोपाठची तीन-तीन अक्षरे घ्या: यमाता, मातारा, ताराज... आठही गण येतात आणि प्रत्येक एकदाच! शेवटची दोन अक्षरे लघु-गुरु आहेत, पहिली दोनही तशीच. ती एकमेकांवर ठेवली, की आठ अक्षरांचे वर्तुळ होते. अशा वर्तुळांचा अभ्यास डच गणिती द ब्रुइन यांनी १९४६ साली केला आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

आणखी एक प्रयोग करा. चार मात्रा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येतील? पाच. एकापासून पाच मात्रांपर्यंतची उत्तरे येतात १, २, ३, ५, ८. प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांची बेरीज! हेमचंद्राने हे सुमारे ११५० साली छंदांच्या विचारात मांडले. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा.

मग नावे टाकून द्यायची काय? मुळीच नाही. पण ती शेवटी यावीत, म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. 'लगागा' चार वेळा म्हणून पाहा आणि मग सांगा, की भुजंग म्हणजे साप आणि प्रयात म्हणजे चाल. मंदाक्रांतेच्या आरंभीचे चार गुरु सावकाश म्हटले, की 'मंद' हा शब्द निराळा समजवावा लागत नाही.

अलंकारांचेही तेच. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी भागात पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. त्या पुराविषयी तीन वाक्ये करा. 'पूर पिसाळलेल्या हत्तीसारखा आला.' 'पूर जणू पिसाळलेला हत्तीच!' 'पूर नव्हे, पिसाळलेला हत्तीच गावात शिरला.' पहिल्यात साम्य सांगितले, दुसऱ्यात कल्पना केली आणि तिसऱ्यात पूर नाकारून हत्तीच मानला. एकच घटक बदलायचा आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगशाळेतली रीत येथेही चालते. उपमा, उत्प्रेक्षा आणि अपन्हुती ही नावे त्यानंतर.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम मोठा आहे, वेळ कोठून आणावा? त्यांची अडचण खरी आहे. पण पाठ केलेले पुन्हा पुन्हा पाठ करून घेण्यात वर्षभर जे तास जातात, त्यांतला एकच या प्रयोगाला द्यावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही त्या तासाचीही वाट पाहू नका. आज घरी जाताना आपल्याच गावाचे नाव मोजा.