देवाला डॉक्टर करू नका!

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो. आपल्या पूर्वजांनी वैद्याला देवांच्या पंक्तीत बसविले. देवाला मात्र वैद्याच्या नोकरीला लावले नाही. ही मर्यादा आज आपण विसरत चाललो आहोत. ‘औषधे कसली करता? मनापासून प्रार्थना करा, दुखणे पळून जाईल,’ असे सांगणारे गावोगाव निघाले आहेत. कोणी अंगारा देतो, कोणी मंतरलेले पाणी देतो, कोणी डोक्यावर हात ठेवून रोग काढतो म्हणे! देव निरनिराळे, धंदा एकच. या धंद्याविरुद्ध मला बोलायचे आहे, आणि तेही प्रार्थनेच्या बाजूने.

प्रार्थनेचे जे श्रेय आहे ते तिला प्रथम देऊ. वेदना केवळ अंगात नसते, मनातही असते. भीतीने ती वाढते, धीराने ओसरते. वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि मनाची अवस्था ते लोटू शकते, असे मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडले. रात्रभर कण्हणाऱ्या म्हातारीच्या उशाशी कोणी हरिपाठ म्हटला, तर तिचा डोळा लागतो, हे कळायला आमच्या हिंगणीत मात्र कोणी शास्त्रज्ञांची वाट पाहिली नव्हती. हा दिलासा खरा आहे. त्याची टिंगल करणारे सुधारक मला मुळीच रुचत नाहीत.

परंतु कळ कमी होणे वेगळे आणि रोग जाणे वेगळे. विंचू उतरविण्याचेच पाहा. विंचवाची कळ पुष्कळदा काही तासांनी आपोआप ओसरते, आणि यश मांत्रिकाच्या पदरात पडते! पण कोकणातल्या लाल विंचवाचे विष थेट हृदयावर घाला घालते. तेथे मंत्र चालत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरचे औषध त्यावर वापरले, म्हणून माणसे जगू लागली. नाथमहाराजांनीही विंचवावर भारूड रचले आहे. पण त्यांचा विंचू कामक्रोधाचा. तो उतारा वावरातल्या विंचवाला लावणाऱ्याला नाथही कळले नाहीत आणि विंचूही कळला नाही!

आमच्या वर्धा जिल्ह्यात यावर एक ठरलेला सवाल येतो : ‘खुद्द गांधीजींनी रामनामाला रामबाण म्हटले, त्याचे काय?’ म्हटले खरे. पण त्याच गांधीजींचे आंत्रपुच्छ 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रियेने काढले. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. त्यांच्या ओठी रामनाम असेल, पण पोटावर सुरी होती! पुढे सेवाग्रामला कुष्ठरोगाने जर्जर झालेले परचुरेशास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना नुसता जप सांगितला नाही; स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केले. प्रार्थना अशी हातांत उतरावी लागते. कुष्ठरोग खरोखर हटला तो मात्र पुढे निघालेल्या औषधांनीच. औषध नव्हते तेव्हा भक्तीने रोग्याला जवळ केले. औषध आल्यावर त्याने रोग घालविला. दोघांची कामे ठरलेली आहेत.

अमेरिकेत याची कसोटीही झाली. हृदयावर शस्त्रक्रिया होणाऱ्या 1802 रोग्यांची ती पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काहींसाठी परक्या भाविकांकडून प्रार्थना करविल्या होत्या. त्याने शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव काही कमी झाले नाहीत. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांच्यात ते थोडे अधिकच आढळले.

पण या धंद्यातली खरी क्रूरता निराळीच आहे. रोगी बरा झाला तर महाराजांची कृपा. दगावला तर ‘तुमची श्रद्धा कमी पडली!’ ज्या आईचे मूल गेले, तिच्या दुःखावर वर पापाचा शिक्का! गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजविणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली कर्करोगाने गेले. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? जी गोष्ट संताला लागू नाही, ती त्या माउलीला कोणत्या न्यायाने लावता?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे त्याने गुन्हा ठरविले. भजन, कीर्तन, वारी यांना मात्र त्याने हात लावला नाही. कायद्याला जो फरक कळला, तो आपल्याला कळू नये?

वाचकहो, घरात कोणी आजारी पडले तर देवाचे नाव जरूर घ्या. पण गाडी दवाखान्याकडे हाकताना घ्या. आणि ‘औषध सोडा’ असे सांगणारा दारी आला, तर तो कोणत्याही देवाचे नाव घेवो, त्याला उंबऱ्याबाहेरच उभा करा. देवावर विश्वास ठेवायला ताकद लागते. देवाच्या दलालावर विश्वास ठेवायला फक्त घाबरलेले मन पुरते.