यंत्र परत येते, बाटलीचे काय?

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर राहणाऱ्या एका नातेवाइकांसाठी अलीकडेच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणावा लागला. यंत्र उत्तम चालत होते. मात्र सोबतच्या ह्युमिडिफायर बाटलीच्या तळाशी आधीच्या रुग्णाच्या वेळचे पाणी तसेच होते. विचारणा केली असता ‘नळाखाली धुऊन घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. गोव्यातही अशी यंत्रे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. त्यामुळे हा प्रश्न एका दुकानापुरता नाही.

२८ एप्रिल २०२१ रोजी पीएम केअर्स निधीतून एक लाख कॉन्सन्ट्रेटरच्या खरेदीस मंजुरी मिळाली. संस्था, देणगीदार आणि कुटुंबांनी घेतलेली यंत्रे वेगळीच. पुढच्याच महिन्यात म्युकरमायकोसिसने डोके वर काढले आणि हुबळीचे किम्स रुग्णालय त्यावरील उपचारांच्या केंद्रांपैकी एक ठरले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही या आजाराची प्रमुख कारणे. बाटलीतील पाण्याचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला नाही. तरीही ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणीच वापरावे, अशी सूचना आयसीएमआरने तेव्हा दिली होती. साचलेल्या पाण्यात वाढणारे जंतू दुबळ्या फुप्फुसांना घातक ठरू शकतात, हे तर त्यापूर्वीही ठाऊक होते.

याविषयीचे शास्त्रही जुनेच आहे. अर्ल स्पॉल्डिंग यांच्या वर्गवारीनुसार रक्तात वा ऊतींत शिरणारे साधन पूर्णतः निर्जंतुक हवे. नाक-घशाच्या आतील नाजूक अस्तराशी संबंध येणारे साधन उच्च दर्जाचे निर्जंतुकीकरण केलेले हवे. केवळ धडधाकट त्वचेला लागणाऱ्या साधनास साधी स्वच्छता पुरते. श्वसनोपचाराचे बहुतेक भाग दुसऱ्या वर्गात मोडतात. आधी घासून धुणे, मग निर्जंतुकीकरण, शेवटी पूर्ण वाळवणे, हा क्रम चुकवून चालत नाही. मळाचा थर राहिला, तर औषधी द्रावण जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. ऑटोक्लेव्हमधील १२१ अंशांची वाफ प्रत्येक प्लास्टिकला सोसत नाही, म्हणून उत्पादकाच्या सूचना पाळणेही अनिवार्य आहे.

खरी पोकळी नियमनात आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांचा भर उत्पादन, आयात आणि विक्री यांवर आहे. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ विल्हेवाटीशी संबंधित आहेत. संसर्ग-नियंत्रणाची जानेवारी २०२० मधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यसंस्थांसाठी आहेत. एका रुग्णाच्या घरातून दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या यंत्राचा मधला टप्पा मात्र कोणाच्याच खात्यावर नाही.

गोव्यासारख्या लहान राज्यात ही पोकळी भरणे अवघड नाही. भाड्याने वा मदत म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत नवी नाकनळी, निर्जंतुक केलेली वा नवी बाटली आणि स्वच्छतेची तारीख व पद्धत नोंदवलेली चिठ्ठी आरोग्य सेवा संचालनालयाने सक्तीची करावी. बाटलीतील पाणी रोज बदलण्याची सवय कुटुंबांना प्राथमिक आरोग्य केंद्रांनी लावावी. यंत्रांची संख्या आपण मोजली. ती कोण, कशी आणि केव्हा धुतो, हेही आता मोजले पाहिजे.