गोपनीय अहवालांचे वेळापत्रक ठरवून 31 मेपूर्वी ते पूर्ण करण्याबाबत निवेदन

स्थळ : ओझर, ता. जुन्नर, जि. पुणे

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख महोदय,
यांचे सेवेशी सविनय सादर

विषय : वर्ग 3 क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल मुदतीत लिहून त्यांची प्रत हाती मिळणेबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची तीन निवेदने व त्यावर वेळोवेळी मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

ओझर आणि कुकडीकाठच्या आसपासच्या गावांत नेमणुकीस असलेले आम्ही आरोग्य सेवक-सेविका हे चौथे निवेदन देत आहोत. आधीच्या तिन्ही निवेदनांची आवक क्रमांकासह पोच आमच्याकडे आहे. उत्तर मात्र एकाचेही नाही.

पहिल्या निवेदनानंतर "दिवाळीपूर्वी सर्व अहवाल पूर्ण करू" असे सांगण्यात आले. दिवाळी झाली. दुसऱ्या वेळी विशेष शिबिराचा शब्द मिळाला. शिबिराची तारीख नेमकी माघी गणेश जयंतीची काढली गेली. त्या दिवशी ओझरला विघ्नहराच्या यात्रेत आम्ही सगळे आपल्याच आदेशाने प्रथमोपचार पथकात उभे असतो. ही बाब निदर्शनास आणल्यावर तारीख बदलली नाही, शिबिरच रद्द झाले. तिसऱ्या वेळी "मार्चअखेर नक्की" असे ठरले. मार्चअखेर उलटून गेली असून आता पुढच्या प्रतिवेदन वर्षाचे कागद भरण्याची वेळ आली आहे.

नियम आपणांस ठाऊक आहेत, ते येथे उतरवून आपला वेळ घेत नाही. एका प्रकरणाकडे मात्र लक्ष वेधणे भाग आहे.

आमच्या एक ज्येष्ठ भगिनी, आरोग्य सेविका, 30 वर्षांची सेवा पूर्ण करून आश्वासित प्रगती योजनेच्या तिसऱ्या लाभास पात्र झाल्या. त्यांचा प्रस्ताव त्रुटी लागून परत आला. त्रुटी एवढीच, की दोन वर्षांचे गोपनीय अहवाल नस्तीत नाहीत. ताईंनी दोन्ही वर्षांचे स्वयंमूल्यमापन दिलेले होते. पहिल्या वर्षी प्रतिवेदन अधिकाऱ्यांची बदली मे महिन्यात झाली आणि ते कोरे अहवाल मागे ठेवून कार्यमुक्त झाले. नवे अधिकारी म्हणाले, "हे माझ्या काळातले नाही." तेही खरेच. दुसऱ्या वर्षी पद रिक्त होते. प्रभारी म्हणून जे आले त्यांच्यापैकी एकाचेही तीन महिने भरले नाहीत. अशा वेळी अहवाल कोणी लिहायचा, हे आस्थापना शाखेला आम्ही सांगावे असे नाही. पण ते कोणी विचारलेच नाही आणि कागद फडक्यात बांधलेला राहिला.

पुढे पहिल्या वर्षाच्या अहवालासाठी ताईंना तोंडी सांगण्यात आले, "साहेबांची सही तुम्हीच आणा." लसीकरणाचा दिवस सांभाळून, स्वतःची किरकोळ रजा टाकून, ताई नारायणगावहून एसटीने पुण्याला साहेबांच्या घरी गेल्या. पहिल्या खेपेला साहेब गावी गेलेले. दुसऱ्या खेपेला नमुना जुना निघाला. तिसऱ्या खेपेला साहेबांनी चहा दिला, सहीही केली, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, त्या वर्षी तुम्ही काय काम केलं ते मला आता आठवत नाही हो." यात आम्ही साहेबांना दोष देत नाही. चार वर्षांनी कोणाला आठवेल? ज्या सेविकेने उसाच्या फडातल्या कोप्यांवर जाऊन, बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीच्या आत परतायची घाई करत गरोदर मातांच्या नोंदी घेतल्या, तिच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन "काम समाधानकारक" या दोन शब्दांत झाले. प्रतवारी "ब".

दुसऱ्या वर्षाचा अहवाल आजतागायत नाही. दरम्यान ताई 31 मे रोजी सेवानिवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना "पंधरा दिवसांत प्रस्ताव मार्गी लावतो" असे सर्वांसमक्ष जाहीर झाले होते. टाळ्याही झाल्या. सुधारित वेतननिश्चिती न झाल्याने आज त्या जुन्याच मूळ वेतनावरील निवृत्तिवेतन घेत आहेत. दर महिन्याला होणारे हे नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे आपणच सांगावे.

हे प्रकरण एकट्या ताईंचे नाही. गेल्या वर्षी रात्री साडेनऊनंतर व्हॉट्सॲप गटावर संदेश आला, की मागील तीन वर्षांचे स्वयंमूल्यमापन उद्या सकाळी 11 पर्यंत जमा करावे. मागच्या तारखा टाकण्याची सूचनाही सोबत होती. रात्री जागून, जुन्या नोंदवह्या चाळून आम्ही ते लिहिले. अशा कागदाला मूल्यमापन म्हणणे अवघड आहे. आमच्यातीलही काही जण स्वयंमूल्यमापन उशिरा देतात, हे मान्य करतो. त्यांना खुशाल ज्ञापन द्यावे. पण वेळेवर देणाऱ्यांचे कागदही त्याच ढिगात का जातात?

अडचणीचे मूळ आमच्या मते वेळापत्रकात आहे. वर्ष 31 मार्चला संपते, बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा, आणि शाळेत 1 जून जन्मतारीख लागलेली आमची अख्खी पिढी 31 मेला निवृत्त होते. त्यात लिहिणारे अधिकारीही आले. म्हणजे लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो, दोघेही जागेवर असण्याचे हे दोनच महिने आहेत. जूननंतर सह्यांसाठी गावोगाव फिरणेच उरते.

म्हणून विनंती अशी, की दरवर्षी 1 एप्रिल रोजी लेखी वेळापत्रक काढावे. स्वयंमूल्यमापन 15 एप्रिलपर्यंत घ्यावे, प्रतिवेदन 30 एप्रिलपर्यंत आणि पुनर्विलोकन 20 मेपर्यंत पूर्ण व्हावे. बदली वा निवृत्ती झालेल्या अधिकाऱ्याकडे एकही अहवाल प्रलंबित नाही, याची आस्थापना शाखेने यादी तपासून खात्री केल्याशिवाय त्यांना अंतिम वेतन प्रमाणपत्र देऊ नये. आमच्याकडे साधी नोंदवही शिल्लक असली तर कार्यमुक्ती अडते. हा न्याय वरपर्यंत लागू व्हावा. राज्य सेवेतील अधिकाऱ्यांचे अहवाल महापार प्रणालीवर फिरतात, कोठे अडकले ते दिसते. आमच्यासाठी निदान एक नोंदवही ठेवावी आणि तिच्यात कागद कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, ते लिहावे.

लिहिलेल्या अहवालाची प्रत सही घेऊन आम्हाला द्यावी. अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवावी, असे सांगणारा देवदत्त प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2008 चा आहे. स्वयंमूल्यमापन देताच पोच मिळावी. छापील नमुने कार्यालयाकडून मिळावेत, झेरॉक्सचा खर्च आम्ही करू नये.

ताईंच्या राहिलेल्या वर्षाचा निर्णय या वेळापत्रकाची वाट न पाहता तात्काळ व्हावा. येत्या 31 मे रोजी आमच्यातील आणखी दोघे निवृत्त होत आहेत. त्यांच्याही नस्तीत एकेका वर्षाचा अहवाल नाही. लेखी उत्तर 15 दिवसांत न मिळाल्यास आम्ही कामात खंड न पाडता काळ्या फिती लावू आणि त्या दोघांचा निरोप समारंभ या वेळी आपल्या कार्यालयाच्या ओट्यावर करू. शाल-श्रीफळ आम्ही आणू.

कळावे,

आपले विश्वासू,
ओझर व परिसरातील आरोग्य सेवक-सेविका
(सह्यांची यादी व आधीच्या तीन निवेदनांच्या पोच सोबत जोडल्या आहेत)