कळ थांबली, म्हणजे आजार गेला का?

सायखेड्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलून कंबर धरली किंवा द्राक्षबागेत छाटणी करून मान आखडली, की आधी बाम, मग गोळी आणि शेवटी ‘सुया टोचून बघा’ किंवा ‘करंट घ्या’ असा सल्ला मिळतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण डोळे झाकून मानण्यासारखाही नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर शिकून भारतात आणले. महाराष्ट्रात आज त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे प्रत्येक दुखण्यावरचा रामबाण उपाय नव्हे.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर ॲक्युपंक्चर घेतलेल्या सुमारे ४८ टक्के रुग्णांना आराम होता. औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. पण ठरावीक बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया टोचलेल्यांपैकीही ४४ टक्क्यांना बरे वाटले! म्हणजे आराम खरा; बिंदूंची महती शंकास्पद.

‘टेन्स’ यंत्रात त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, तसाच हा प्रकार. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. हा आराम बहुधा तात्पुरता असतो. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये. सुईही निर्जंतुक आणि एकदाच वापरायची हवी.

खरा धोका वेळ दवडण्याचा आहे. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे तपासायलाच हवे.

निदान झाल्यावर सुयांनी किंवा करंटने कळ कमी होत असेल, तर जरूर घ्यावे. मात्र त्या उसंतीत पाठीचे व्यायाम सुरू करावेत आणि गोणी कंबरेतून नव्हे, गुडघ्यांतून वाकून उचलावी.