पहिले घर आणि करसवलतीचे गणित

घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, एवढाच अर्थ आपल्या परंपरेने कधी मानला नाही. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांचाही योगक्षेम ज्याच्या आधारावर चालतो, तो गृहस्थाश्रम घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. म्हणूनच पहिले घर घेणाऱ्याला शासनाने हात द्यावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा हात कोणापर्यंत पोहोचतो, याचा.

प्रथमच घर घेणाऱ्यांसाठी २०१३ साली आयकरात खास वजावट आली. २०१६ साली ती नव्या स्वरूपात आली आणि २०१९ च्या अर्थसंकल्पाने ४५ लाख रुपयांपर्यंतच्या घरासाठी व्याजावर दीड लाखाची जादा वजावट दिली. ३१ मार्च २०२२ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती मिळाली नाही. त्याआधी, २०२० साली, नवी करप्रणाली आली होती. कराचे दर कमी, पण राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट नाही. मध्यमवर्गीय नोकरदाराला याची रुखरुख वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु वाशीमसारख्या जिल्ह्यातून पाहिले, तर हे चित्र निराळे दिसते. एके काळी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. येथील अर्थकारण सोयाबीनवर आणि पावसावर चालते. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. तेव्हा वजावट कशातून घ्यायची? रिसोडचा किराणा दुकानदार किंवा कारंज्याच्या अडत्याकडचा दिवाणजी यांचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल, तर २०१९ पासून जुन्या प्रणालीतही त्यांना कर पडत नव्हता. म्हणजे दीड लाखाच्या वजावटीने त्यांचा लाभ शून्य. वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचा तीस हजार आणि तीस टक्केवाल्याचा पंचेचाळीस हजार. ज्याची गरज मोठी, त्याच्या पदरात काहीच नाही. पं. दीनदयाळजींच्या अंत्योदयाशी हे गणित जुळत नाही.

याउलट दोन उपाय अधिक न्याय्य ठरले आहेत. २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान ठेवले आहे. त्यासाठी करदाता असण्याची अट नाही. दुसरा उपाय आपल्या राज्याचा. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. पंचवीस लाखांच्या घरावर हे पंचवीस हजार वाचतात आणि घराच्या लक्ष्मीचे नाव दस्तावर येते. ही सवलत पहिल्या घरापुरती आणखी वाढवावी, अशी मागणी आपण का करू नये?

अडचण आणखी एक आहे, ती कागदांची. गावठाणातील वडिलोपार्जित घराला मालकीपत्रक नाही, शहराच्या कडेला गुंठेवारीत घेतलेला प्लॉट नियमित नाही. मग बँक कर्ज देत नाही आणि कर्जच नाही तर अनुदान कसले? स्वामित्व योजना २०२० साली आली, गुंठेवारी कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. पण कायदा आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये कार्यालयाचा दरवाजा असतो.

तेथे कार्यकर्त्याची गरज आहे. आपल्या वस्तीत पहिले घर बांधू पाहणारी कुटुंबे कोणती, त्यांचे कोणते कागद अडले आहेत, एवढी नोंद प्रत्येकाने केली, अर्ज भरताना सोबत बसले, तरी पुष्कळ होईल. कुटुंब प्रबोधनाचा विषय आपण नित्य मांडतो. ज्या कुटुंबाच्या डोक्यावर हक्काचे छप्पर नाही, त्याला प्रबोधनाआधी आधार हवा.