कमावणाऱ्या आईला दंड का?

मुले मोठी झाली, फी वाढली, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या घरांतल्या आया पुन्हा कामाला लागतात. २०२३ साली सुरू झालेल्या ‘लाडली बहना’ योजनेचे सुरुवातीला महिन्याला १००० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२५ पासून ते १५०० झाले. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांवर गेले की ती बाई अपात्र! म्हणजे उत्पन्न मर्यादेपेक्षा हजार रुपयांनी वाढले, तरी वर्षाचे १८,००० जाणार. याला मदत म्हणायचे की कष्टाची शिक्षा? आम्हाला फुकटचे नको. मदत एकदम तोडू नका, उत्पन्न वाढेल तशी टप्प्याटप्प्याने कमी करा, एवढेच आमचे म्हणणे आहे. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण हाच प्रश्न विचारू या.